एका ठिपक्याचा पोळपाट

आई, तुझ्या मसनवट्यातले उरलेसुरले खुंट मागच्या आठवड्यात उपटले. ही बातमी तुला द्यायचा हक्क खरं तर तिचा. खुंट जमिनीतून कसा हलवत काढायचा, माती कुठल्या बाजूनं झाडायची, कुठं ठोकायचं, हे सगळं तिलाच येतं. मी बांधावर उभी राहून उन्हाला नावं ठेवत होते. तरी मीच आधी कळवतेय. तू होतीस तोवर एकही बातमी मला तिच्या आधी तुझ्यापर्यंत पोचवता आली नाही. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली, निदान ही एक तरी माझ्याकडून जाऊ दे. ती म्हणजे तुझी विद्यार्थिनी. घरात मी तिचं नाव कधी घेतलं नाही, "तुझी ती" म्हणायचे, आणि दर वेळी तू म्हणायचीस, "तिला नाव आहे." होतं की. तुझ्या लाकडांनाही होती, एकेकाला दोन-दोन, एक इकडचं आणि एक लॅटिन. आपल्या घरात बिननावाची मी एकटीच. मला तू "अगं" म्हणायचीस.

मी आता विनोदी लिहिते म्हणतात. म्हणजे जे वाचतात ते म्हणतात. ज्यांच्यावर लिहिते ते दुसरंच काही म्हणतात. दर रविवारी कुणा ना कुणाची सालटी काढते आणि लोक चहासोबत ती खातात. पण तुझ्यावर लिहायला बसलं की हात जड होतो. कारण तुझी गोष्ट मुळातच एवढी विनोदी आहे की मला वर काही घालायला जागाच नाही. वर्ध्याच्या त्या संस्थेत लाकडाच्या विभागात तू नोकरी करायचीस, आणि तुझं काम काय, तर सागवान सोडून बाकीच्या गरीब लाकडांचं काही भलं होतं का ते बघणं. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, कडुनिंब. मातीत उभं केलं तर कुठलं किती टिकतं, औषध पाजलं तर किती, न पाजता किती. त्यासाठी हातभर खुंट अर्धे जमिनीत पुरायचे, पावसाळा संपला की एकेक उपटून बघायचा, ठोकायचा, दहापैकी गुण द्यायचे आणि परत त्याच खड्ड्यात, त्याच तोंडानं उभा करायचा. एवढ्यासाठी तुला हवी होती वाळवी. संस्थेची जागा पडली मुरमाड, तिथं वाळवी फिरकेना. मग तुझ्या लक्षात आलं की आपलं आंजीचं वावर आहेच.

बाबांचा चेहरा मला आठवतो. जन्मभर त्या माणसानं वांगी आणि मेथी लावली आणि वाळवीशी मारामारी केली. आणि एके संध्याकाळी तू बांधावरून चिखलाच्या पायांनी घरात येतेस, डोळे चमकताहेत, आणि म्हणतेस, "अहो, तुमच्या वावरात काय सुंदर वाळवी आहे हो!" बाबांनी हातातली भाकर ताटात ठेवली. "अवं, लोकं सोयऱ्याले वावर दाखवतात, तू उधईले दाखवून राह्यली." तुझं मात्र ठरलं होतं. विहिरीकडचा कोपरा तुझा. तिथं औषध फवारायचं नाही, उलट उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी मारायचं, म्हणजे वाळवीला बरं वाटेल. खुंटांच्या रांगा लागल्या, प्रत्येकाच्या डोक्यावर पत्र्याचा नंबर. गावानं आठवडाभर बघितलं आणि नाव ठेवून दिलं, बाईचा मसनवटा. तुझे शास्त्रज्ञही इंग्रजीत या चाचणीला मसनवट्याचंच नाव देतात, हे तू आम्हाला जेवताना सांगितलंस आणि दिवसभर खूश होतीस, आंजीला आपलं म्हणणं कळलं म्हणून.

त्याच जेवणात तू मला कंट्रोल म्हणजे काय ते समजावलंस. एक फळी घ्यायची, तिचे दोन तुकडे करायचे. एकाला औषध पाजायचं, दुसऱ्याला काही नाही. दोघांना शेजारी शेजारी उभं करायचं. मी विचारलं, "मग त्या दुसऱ्यानं करायचं काय?" तू वरणभात कालवत म्हणालीस, "काही नाही. त्यानं नुसतं उभं राहायचं. त्याला वाळवी कशी खाते ते बघायचं, म्हणजे पहिल्याचं किती भलं झालं ते कळतं." मी तेव्हा शाळेतच होते, पण विनोद करायची खोड लागली होती, त्यामुळे मी बाबांकडे बघून म्हणाले, "म्हणजे मीच." बाबा हसले. तू नाही हसलीस, तू खरंच विचार केलास आणि म्हणालीस, "नाही, तुझ्या जोडीचा तुकडा कुठाय?"

तो नंतर आला. आंजीहून, सायकलवर, केसांना चप्प तेल लावून. भाजीवाल्याच्या घरची मुलगी, पहाटे वडलांसोबत मेथीच्या जुड्या बांधून मग कॉलेजला जायची. तुझ्या हाताखाली सुट्टीतलं काम म्हणून आली आणि मग सुट्टी संपलीच नाही. एक दुपार सांगते. मी कॉलेजातून भुकेली येते. गॅसवर मोठं पातेलं रटरटतंय. मी वरण समजून झाकण काढते, तर आत बाभळीचे ठोकळे, आणि पाणी गेरूसारखं लाल. लाकडातून पाण्यात काय उतरतं ते बघण्याचा तुझा प्रयोग. ओट्याखाली माझ्या पाटावर ती बसलेली, मांडीवर वाळलेल्या ठोकळ्यांचं सूप, आणि तू तिच्या कानाशी एक ठोकळा धरून मधल्या बोटाच्या पेरानं ठोकतेस.

"काय म्हणतं?"

"हे कोरडं हाये, मॅडम."

"आणि हे?"

ती डोळे मिटते. परत ठोकायला लावते. "हे वरून कोरडं हाये. आतून खोटं बोलून राह्यलं."

आणि तू हसलीस. आई, मी आजवर हजारभर लोकांना हसवलं असेल, त्यात दोन मंत्री होते. पण तसं हसणं, पदर तोंडाला लावून, ओट्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, तसं मी तुझ्याकडून एकदाही काढू शकले नाही. ती तर विनोदही करत नव्हती, नुसती लाकडाची चहाडी सांगत होती. मी झाकण दाणकन ठेवलं आणि म्हणाले, "मला पण ऐकव." तू ठोकळा माझ्या कानाशी धरलास, ठोकलास. मला ठक ऐकू आलं. "कोरडं," मी म्हणाले. "हे?" "हे पण." तू ठोकळे परत सुपात ठेवलेस. "तू उत्तर आधी ठरवतेस. ऐकावं लागतं गं." मग वरण कुठंय म्हणून विचारलं तर म्हणालीस, आज जमलं नाही, पोहे कर, आणि तिलाही दे.

माझा पहिला लेख छापून आला तो दिवस तर तुला आठवत असेलच, कारण तू तो विसरलीस तरी मी दर दिवाळीला आठवण करून द्यायचे. नागपूरच्या पेपरातली रविवारची पुरवणी. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला आलेल्या पाहुण्यावर लिहिलं होतं, त्याच्या भाषणापेक्षा त्याच्या स्वागताला वेळ जास्त लागला वगैरे. मे महिन्यातलं वर्ध्याचं ऊन, आणि मी ते पान घेऊन सायकलवर थेट तुझ्या शेडमध्ये. भुसा, रंध्याचा आवाज, आणि कोपऱ्यात काचेच्या पेटीतला तुझा तो नाजूक तराजू, ज्याच्याजवळ शिंकायचीसुद्धा बंदी. तू हात झाडलेस, पान लांब धरून वाचलंस. पूर्ण वाचलंस, तेवढं खरं. मग घडी घालून मला परत दिलंस. "ओलं आहे अजून. तडकेल." एवढंच. आणि लगेच वळलीस, कारण तराजूपाशी ती श्वास रोखून उभी होती. तिनं आकडा सांगितला, आणि तू म्हणालीस, "शाब्बास."

लेख खरंच तडकला. आज वाचवत नाही, पाहुणाही चांगला होता बिचारा. पण तू बरोबर होतीस यानं माझा राग कमी कसा होईल? ती तराजूतला आकडा वाचते, मी अख्खा लेख लिहिते, आणि शाब्बास आकड्याला. मी त्या दिवसापासून तिच्याकडे बघायचे ते तिचं काय तडकतंय याच नजरेनं. काही तडकलं नाही. नोकरी तिथंच लागली, तुझ्यानंतर तुझ्या खुर्चीवर बसली, तुझं भिंग तिच्या गळ्यात आलं. ते भिंग मी लहानपणी मागितलं होतं, मुंग्या बघायला. तू म्हणाली होतीस, खेळणं नाही ते.

मला तू पोळपाट दिलास. घाडग्यांच्या कारंज्याला, हायवेवरच्या एका दुकानदाराच्या घरात माझं लग्न ठरलं. मामांनी मिक्सर दिला, मावशीनं डिनर सेट, आणि शास्त्रज्ञ आईनं सुबाभळीचा पोळपाट. आमच्याकडच्या बायका तो उलटसुलट करून बघत होत्या, खाली काही चिकटवलंय का म्हणून. खाली होता एक ठिपका, तापल्या खिळ्यानं डागलेला. मला वाटलं सुताराची खूण. तू फक्त एवढं बजावलंस, "रोज वापर. रोज धू. फार लाड करू नकोस." आणि सासरी पहिल्याच सकाळी सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "नवं लाकूड हाये अन् असंच पानी लावतं का वं? तेल पाज त्याले अगोदर." जवसाचं तेल वाटीत कोमट केलं, कापसाच्या बोळ्यानं दोन्ही अंगांनी चोळलं आणि उन्हात ठेवला. मग दर दिवाळीला, दिवे लावायच्या आधी, पोळपाटाचं न्हाणं व्हायचं. त्या घरात नव्या लाकडाला तेल म्हणजे नव्या सुनेला हळदकुंकू. मी का नाही म्हणू?

आणि मग सुरू झालं ते. मी माहेरी यायचे, एसटीनं, पिशवीत पोळपाट. पिशवी कशासाठी, तर पहिल्या दिवाळीलाच तुझं पोस्टकार्ड आलं होतं, येताना पोळपाट आण. उंबरठ्यावर पाय पडायचा, अजून पाणीसुद्धा मिळालेलं नसायचं, आणि तू आतून, "पोळपाट आणलास का?" कशी आहेस नाही, जावई का नाही आले नाही. पोळपाट. तो घेऊन तू व्हरांड्यात बसायचीस, उलटा करायचीस, नाक लावायचीस, मग मध्ये ठोकायचीस, मग कडेकडेनं गोल, कान जवळ नेऊन. "हं." आणि परत माझ्या हातात. लोकांच्या लेकी माहेरी येतात. आमच्याकडे पोळपाट माहेरी यायचा आणि त्याला सोडायला मी यायचे. हे वाक्य मी पुढं लेखात वापरलं. लोकांना फार आवडलं.

खरं काय ते मला तिच्या घरी कळलं. ती वर्ध्यातच राहायची. तिच्या मुलाच्या बारशाला तू मला ओढून नेलंस. स्वयंपाकघरात तिच्या ओट्यावर तोच पोळपाट. तेवढाच, त्याच लाकडाचा. मी सहज उलटा केला. खाली दोन ठिपके. तिनं सरळ सांगितलं, लपवाछपवी तिला जमतच नाही, तोही एक त्रास. दोन ठिपके म्हणजे गरम जवसाच्या तेलात रात्रभर बुडवून वाळवलेला. एक ठिपका म्हणजे काहीच न केलेला. रोजच्या पाण्यात आणि पिठात कुठला जास्त टिकतो, तडे कुठल्याला जातात, हा तुझा प्रयोग होता. मला सांगितलं नव्हतंस, कारण सांगितलं तर मी जपून वापरेन. ती पुढं अजून काही सांगत होती, पण मी पोळपाट खाली ठेवला आणि बाहेर जाऊन पाळण्याची दोरी ओढत बसले. बरोबरच होतं. लहानपणी ताटावर बसून जो विनोद केला होता, तो तू सुतार लावून करून घेतला होतास. ती औषध पाजलेला तुकडा आणि मी नुसतं उभं राहायचं.

तरी मी पोळपाट आणत राहिले. का, ते मला विचारू नकोस. रागानं माणूस नेमानं वागतो, एवढं मला माहीत आहे. शेवटी दवाखान्यात, थंडीचे दिवस, तुझ्या हाताला सुई लावलेली. ती मसनवट्यातून थेट आली होती, चपलांना माती. तू तिला विचारलंस, "किती आले?" आणि तिनं रांगेनं एकेका खुंटाचे गुण सांगितले, आणि तू डोळे मिटून ऐकत होतीस, जशी कुणी आरती ऐकतं. मी मोसंबी सोलत होते. मग तू माझ्याकडे मान वळवलीस. मला वाटलं, आता. तू म्हणालीस, "पोळपाट आणलास का?" मी म्हणाले, "दवाखान्यात कोण पोळपाट आणतं, आई?" नर्स हसली. तू पण थोडं हसलीस. आपलं शेवटचं बोलणं एवढंच.

तर मागच्या आठवड्यात. वावर आता माझ्या नावावर आहे आणि ते बटईनं, निम्म्या वाट्यानं, करणारा गावातला एक भाऊ आहे, तो भाजीच लावतो. त्याचा फोन आला. "ताई, ह्या मसनवट्यातून मी ट्रॅक्टर कसा फिरवू, तुमीच सांगा. मोठ्या बाईची आठवन म्हनून इतके वर्ष राहू दिलं. आता रोटावेटरचं पातं मोडलं ना." मी म्हणाले उपटून टाक. मग वाटलं, तिला विचारलं नाही तर ती काही म्हणणार नाही, आणि तिचं काही न म्हणणं मला सोसायचं नाही. तिला फोन केला. ती म्हणाली, येते, शेवटचे गुण घेऊन टाकू. आणि फोन ठेवता ठेवता, "ताई, येताना पोळपाट आणाल का?"

आई, तुझं वाक्य तिच्या तोंडात. मला गादीवरून हुसकावल्यासारखं झालं. मी पोळपाट टॉवेलात गुंडाळला, गाडीच्या डिकीत ठेवला, आणि आर्वीवरून आंजीला येईपर्यंत ठरवलं की विसरला म्हणून सांगायचं. आणि तसंच सांगितलं. "अगं, राहिलाच बघ." ती म्हणाली, "बरं," आणि खाली बसली. केस पांढरे झालेत तिचे, गळ्यात अजून तुझं भिंग. कंट्रोलचे खुंट बहुतेक कधीच संपलेत, नुसते पत्र्याचे नंबर मातीत निघतात. औषधवाले काही तग धरून आहेत. ती एकेक खुंट दोन्ही हातांनी हलवून काढायची, पंजानं माती झाडायची, ठोकायची, ऐकायची, गुण सांगायची. आणि मग परत खड्ड्यात ठेवायला जायची, आधी होतं त्याच तोंडानं.

"मॅडम, काहाडाले आले ना तुमी? मंग परत कायले लावता?" भाऊ म्हणाला.

तिचा हात तसाच राहिला. खुंट धरून ती जरा वेळ खड्ड्याकडे बघत बसली. मग हसली आणि खुंट बाजूला आडवा ठेवला. मला ते बघवलं नाही, आणि ते दुःख तिच्याकडे आहे, माझ्याकडे नाही, हेही बघवलं नाही. म्हणून मी जरा टोचून म्हणाले, "पोळपाट कशाला हवा होता? प्रयोग पुरा करायचा राहिलाय का? कापून बघणार असशील ना, आतून."

"नाई हो ताई. तुमचा पोळपाट प्रयोगात कुठाय?"

"म्हणजे? कंट्रोल ना तो?"

"एकच दिवाळी होता." तिनं हात झाडले. "पयल्यांदा तुमी घेऊन आल्या, मॅडमनं वास घेतला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन मले म्हने, हिच्या सासूनं तेल पाजलं, गेला माझा कंट्रोल. मंग दुसरा करून घेतला, त्याच फळीतला. तो बी माझ्याच घरी होता. दोन पोळपाटांवर पोळ्या लाटत होतो मी, एक दिवस ह्यावर, एक दिवस त्यावर."

मी भावाकडे बघितलं, जसा काही त्याला खुलासा माहीत असेल. तो वांगी तोडत होता. "मग मला दरवर्षी का आणायला लावायची?"

"मी विचारलं ना एकदा. म्हटलं, मॅडम, ताईचा काऊन ठोकता, त्याचे गुन तर आपन धरतच नाई. तर म्हने, तो आता प्रयोगातला नाई, घरचा आहे." तिनं खुंटावरची माती उगाच अजून एकदा झाडली. "खरं सांगू का, मले लई राग यायचा. माझे दोन्ही पोळपाट न्यायच्या, काचेच्या पेटीत ठेवून मोजायच्या. ग्रॅम ना ग्रॅम. पन ठोकला नाई कधी. तुमचा कधी मोजला नाई, नुसता ठोकायच्या. व्हरांड्यात बसून, कान लावून. मी गेटातून पाह्यलं हाये. म्हनून म्हटलं, आनाल का. एकदा ठोकून पाहाचा होता, बस."

अशा वेळी काय वाटायला हवं ते मला माहीत आहे, मी इतरांच्या लेखांत ते वाचलंय. छाती भरून येते, दोघी बायका एकमेकींचे हात धरतात, विहिरीकडून वारा येतो. वारा नव्हता. आणि मला वाटलं ते हे: मोजायचीस तू तिला. त्या काचेच्या पेटीत, श्वास रोखून. मला कधी मोजलं नाहीस. घरच्याला कोण मोजतं, असं तू म्हणाली असतीस, आणि ते बरोबरही असेल, पण घरच्याला कधी तरी कळावं ना आपण किती भरतो! माझ्या लेखावर तू दोन वाक्यं बोललीस, दोन्ही छोटी. तिच्या पोळपाटाची वर्षावर्षाची वजनं असतील कुठं तरी. आणि ही बाई माझ्यासमोर बसून म्हणते की तिला राग यायचा. माझ्या रागावरही तिनं निम्मा हक्क सांगितला, बघ. मी डिकीकडे गेले नाही. "पुढच्या वेळी आणेन," म्हणाले. तिनं खुंट पोत्यात भरले, स्कूटरला बांधले आणि गेली. जाताना भावाला म्हणाली, "त्या कोपऱ्यात एक वर्ष काही लावजो नको, उधई लई हाये." भाऊ म्हणाला, "ते तर मले ठाऊकच हाये, मॅडम. तुमच्या बाईनंच पोसून ठेवली."

ती रस्त्याला लागेपर्यंत थांबले आणि डिकी उघडली. भावाचा भाजी मोजायचा काटा झोपडीत होताच. पोळपाट टॉवेलातून काढून मी त्यावर ठेवला. तो वांग्यांची पाटी बाजूला सारून बघत राहिला.

"लाकडं इकाले काहाडले का, ताई?"

"वजन बघायचंय."

त्यानं आकडा वाचला. "पयले किती होतं?"

"माहीत नाही."

"मंग आता मोजून काय समजनार?"

मी पोळपाट परत टॉवेलात गुंडाळला. देताना तू मोजलाच असशील, जोडीचे दोन्ही तुकडे, त्याशिवाय तू ठिपका दिला नसतास. तो पहिला आकडा कुणाला पाठ असेल तेही मला माहीत आहे. फोन नंबर आहे. केला नाही.

हे पत्र टपालात पडणार नाही. तुला पाठवायची सोय नाही, आणि ज्या एका माणसाला ते वाचून सगळं कळेल तिला पाठवायची माझी इच्छा नाही. कारंज्याच्या घरात मागच्या खोलीत पलंगावर बसून लिहितेय, मांडीवर पोळपाट, त्यावर कागद. सासूबाई गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली, पण तेल अजून मीच लावते, त्यामुळे कागदाला खालून थोडा डाग आलाय. मघाशी कागद बाजूला केला आणि मधल्या बोटाच्या पेरानं मध्ये ठोकलं, मग कडेकडेनं गोल, कान जवळ नेऊन. उत्तर आधी ठरवलं नव्हतं, शपथ. आवाज आला, एक मध्ये, एक कडेला जरा वेगळा. त्याचा अर्थ काय, मला कळला नाही. तिला कळला असता.